साल्ट घेऊ की जितेश : गुणांच्या कोष्टकाचं एक वाचन

३ जून २०२५. अहमदाबादला आयपीएलची फायनल होती आणि इकडे पांढरकवड्यात मी आणि माझा मावसभाऊ त्याच्या कृषी केंद्राच्या ओट्यावर मोबाइल घेऊन बसलो होतो. टॉस झाला होता, खेळणाऱ्यांची यादी आली होती, टीम लॉक व्हायला थोडाच वेळ उरला होता. दहा जण ठरले होते. राहिलेल्या एका जागेसाठी दोन नावं होती, दोन्ही बंगळुरूची आणि दोन्ही यष्टिरक्षकांच्या रकान्यातली: फिल साल्ट आणि जितेश शर्मा.

मी साल्टवर बोट ठेवलं. मावसभाऊ ओरडला, "काऊन बे? जितेश घे ना. आपला अमरावतीचा हाये."

"पण साल्ट ओपनिंगला येते भाऊ. जितेशची बॅटिंग आली नाही तर?"

"नाही आली तर नाही आली."

त्यानं त्याच्या टीममध्ये जितेश घेतला, मी माझ्या टीममध्ये साल्ट. पुढं काय झालं ते सांगतोच. पण हा लेख आम्हा दोघांतलं कोण बरोबर होतं यावर नाही. ज्या कोष्टकापुढं आम्ही दोघंही मान खाली घालून बसलो होतो, त्या कोष्टकावर आहे. धावेला इतके गुण, झेलाला इतके, कर्णधाराला दुप्पट, उपकर्णधाराला दीडपट, असं सगळं त्यात लिहिलेलं असतं. आपण ते नियम म्हणून वाचतो. मला वाटतं, ते एखाद्या गोष्टीतला निवेदक म्हणून वाचायला पाहिजे. त्याला काही गोष्टी दिसतात, काही दिसत नाहीत, आणि त्याला जे दिसतं तेवढंच घडलं असं तो आपल्याला पटवून देतो.

आधी माझी बाजू, कारण ती आकड्यांची होती. त्या हंगामात साल्टच्या ४०३ धावा झाल्या, जितेशच्या २६१. फरक मोठा वाटतो. पण दोघांचा स्ट्राइक रेट पाहा: दोघांचाही १७६ च्या आसपास. म्हणजे दोघं सारख्याच वेगानं मारत होते. साल्टला सव्वादोनशेच्या वर चेंडू मिळाले, जितेशला दीडशेच्या आसपास. उरलेला सगळा फरक रांगेत कोण कुठे उभा आहे याचा. एकाला नवा चेंडू, मोकळं मैदान आणि पुढं अख्खी वीस षटकं. दुसऱ्याला पुढचे बाद होतील तेव्हा, आणि षटकं उरली तर.

कोष्टकाला हे कळत नाही असं नाही. ते याच्यावरच चालतं. फँटसी खेळणारा कुणीही पहिल्या महिन्यात एवढं शिकतो की खेळाडू बघू नकोस, त्याला चेंडू किती मिळणार ते बघ. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलची फँटसी खेळणारे दर आठवड्याला हाच काथ्याकूट करतात. दोन वाइड रिसीव्हर आहेत, म्हणजे पळत जाऊन पास झेलणारे. एकाकडे सारखे पास येतात, पण छोटे. दुसऱ्याकडे सामन्यात तीन-चारच येतात, पण एखादा थेट टचडाउन. कुणाला खेळवायचं? तिथल्या मित्रमंडळींच्या लीगमध्ये एक सोय मात्र आहे. नुसता पास झेलल्याचा गुण द्यायचा की नाही, हे हंगामाआधी मंडळीच ठरवतात. दिला तर पहिला खेळाडू महाग होतो, नाही दिला तर दुसरा. हा खेळ निघाला तोच असा. १९६२ मध्ये ओकलंड रेडर्सचे एक भागीदार बिल विंकेनबाख यांनी ओळखीच्या लोकांसोबत बसून नियम लिहिले आणि पुढच्या वर्षी पहिली लीग खेळली. कोष्टक त्यांचं स्वतःचं होतं, भांडणही समोरासमोरचं होतं.

आपल्याकडं खेळ आला तो कोष्टकासकट, तयार. हंगामभराची लीग मागं पडली, एका रात्रीच्या सामन्याची स्पर्धा उरली, आणि समोर मित्र नाहीत, लाखो अनोळखी लोक. रोजचे ४९ रुपये. आयपीएलच्या ७४ सामन्यांचे होतात ३,६२६. त्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,१२१ होता. म्हणजे अर्ध्या क्विंटलहून जरा जास्तच कापूस आम्ही प्रत्येकी मोबाइलमध्ये घातला. हा हिशेब मावसभावानं फायनलनंतर दुकानातल्या बिलाच्या पाठीवर मांडला होता, आणि मांडून झाल्यावर चहा न पिताच उठला होता.

आता फायनल. साल्ट दुसऱ्याच षटकात गेला, ९ चेंडूंत १६. जितेश डावाच्या शेवटी आला आणि १० चेंडूंत २४ करून गेला. ड्रीम इलेव्हनच्या टी-२० कोष्टकात स्ट्राइक रेटचा बोनस किमान १० चेंडू खेळल्यावरच लागू होतो. साल्टनं नऊ खेळले. एका चेंडूनं त्याचा वेग कोष्टकासाठी नाहीसा झाला. जितेशनं बरोब्बर दहा खेळले, त्याचा दिसला. मावसभावानं माझ्या पाठीवर मारलेली थाप मला अजून आठवते.

खरी गंमत दुसऱ्या डावात होती. पंजाबचा प्रियांश आर्य २४ वर होता. त्यानं मारलेला फटका सीमेवर साल्टनं पकडला, तोल जातोय म्हणून चेंडू हवेत सोडला, दोरीबाहेर पाय टाकून परत आत आला आणि झेल पुरा केला. नंतर श्रेयस अय्यर आला. दोनच दिवसांपूर्वी त्यानं मुंबईविरुद्ध नाबाद ८७ करून पंजाबला फायनलमध्ये आणलं होतं. शेफर्डच्या चेंडूवर त्याच्या बॅटची कड लागली आणि मागं जितेशनं झेल घेतला. अय्यर १ वर बाद. बंगळुरू ६ धावांनी जिंकलं.

कोष्टकात दोन्ही झेल सारखे. झेल म्हणजे झेल. पहिल्यात कसब होतं, दुसऱ्यात सामना होता, आणि दोन्हींची किंमत एका आकड्यात बसवली. माझा कोष्टकावर आक्षेप हाच आहे. ते खोटं बोलत नाही. पण गोष्टीत कोणती ओळ कुठे येते, याचं त्याला काही नाही. एकोणिसाव्या षटकातला एक आणि पहिल्या षटकातला एक त्याच्या वहीत सारखेच लिहिले जातात.

तरी त्याची एक बाजू मी घेईन. या कोष्टकामुळं आम्ही सामना शेवटपर्यंत पाहायला शिकलो. पूर्वी घरी कोहली बाद झाला की टीव्ही बंद व्हायचा. टीममध्ये सातव्या नंबरचा फलंदाज असला की त्याची वाट पाहावी लागते, त्याला नाव असतं हे कळतं. जितेशला मी वाचायला शिकलो ते अमरावतीमुळं नाही, आधीच्या एका हुकलेल्या टीममुळं. २७ मेला लखनौमध्ये बंगळुरूला २२८ हवे होते. मी साल्ट घेतला, त्यानं ३० केल्या. जितेशनं ३३ चेंडूंत नाबाद ८५. त्यात ४९ वर असताना तो झेलबाद झाला होता, पण दिग्वेश राठीचा तो नो-बॉल निघाला. पुढच्या ३६ धावा त्या नो-बॉलच्या.

२०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हा खेळ कौशल्याचा ठरवला होता. रांग ओळखणं हे कौशल्य, हे मला मान्य. पण राठीचा पाय कुठं पडणार हे ओळखण्याचं कौशल्य माझ्याकडं नव्हतं, आणि ज्याच्या टीममध्ये त्या दिवशी जितेश होता त्याच्याकडंही नव्हतं. मावसभावाच्या दुकानात जूनमध्ये माणसं दोन थैल्या हातात घेऊन विचारतात, "भाऊ, यातली कोणती नेऊ?" तो जमीन विचारतो, मागच्या वर्षी काय लावलं ते विचारतो, मग सांगतो. त्याचं सांगणं चांगलं असतं. पाऊस त्याला कुणी विचारत नाही.

ऑगस्टमध्ये संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैशांच्या स्पर्धा बंद पडल्या. मला वाटलं, विषय संपला. पण मावसभावानं दुकानातली एक जुनी वही काढली आणि आमच्या सहा जणांसाठी स्वतःचं कोष्टक लिहिलं. पैसे नाहीत, हरेल त्यानं चहा पाजायचा. त्यात साध्या झेलाला ८, सीमेवरच्या झेलाला १२. सातव्या नंबरच्या किंवा त्याखालच्या फलंदाजाच्या धावेला दीड गुण, आणि तो यष्टिरक्षक असेल तर पावणेदोन. हा शेवटचा नियम कुणासाठी आहे ते सगळ्यांना माहीत होतं.

मी एक नियम सुचवला: समोरच्या टीमचा कर्णधार दहाच्या आत गेला तर झेलाला २०. तो म्हणे, मग बॉलरनं काय घोडं मारलं? त्याला पण दे. दुसरा म्हणाला, मग त्या बॉलरच्या हाती बॉल देणाऱ्या पाटीदारला पण दे. वहीतलं ते पान अजून कोरंच आहे.