सूक्ष्म जुळणी आणि जगत्कर्ता

विश्वाच्या मूलभूत नियतांकांत केसभरहि फरक पडता, तर तारे, पाणी, प्राणी यांपैकीं कांहींच उद्भवलें नसतें. सबब ही जुळणी कोणा बुद्धिमान् कर्त्यानें हेतुपूर्वक केली असली पाहिजे, असा युक्तिवाद अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून मोठ्या आदरानें ऐकूं येतो. विज्ञानानेंच देवाची साक्ष दिली, या समाधानानें पुष्कळ आईबाप तो मुलांना सांगतात. साक्ष एवढी मोठी असली म्हणजे उलटतपासणीहि कसोशीची हवी. ती आम्ही येथें करणार आहों.

प्रथम या पक्षाचें बळ पाहूं. केंब्रिजचे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल हे आपल्या जयंत नारळीकरांचे गुरु. ताऱ्यांच्या पोटांत हेलियमचे तीन अणुगर्भ एकत्र येऊन कार्बन बनतो. परंतु पहिल्या दोहोंपासून होणारा बेरिलियम तत्क्षणीं फुटतो व तिसऱ्यास संधि जवळजवळ मिळतच नाहीं. मग जगांत एवढा कार्बन आला कोठून? १९५३ सालीं हॉईल यांनीं तर्क केला कीं, कार्बनच्या अणुगर्भाला सुमारें ७·६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टांवर एक उत्तेजित पातळी असलीच पाहिजे. आणि कॅलिफोर्नियांतील प्रयोगशाळेंत ती सांपडली. एरवीं नास्तिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हॉईलना १९८१ सालीं असें लिहावें लागलें कीं, कोणा महाबुद्धीनें पदार्थविज्ञानांत हात घातला असावा असें वाटतें. हें आश्चर्य खरें आहे; त्याची टवाळी करणारा विज्ञानाचा मित्र नव्हे.

परंतु आश्चर्य निराळें आणि अनुमान निराळें. घट पाहून कुंभाराचें अनुमान करावें, तसें जगत्कार्य पाहून ईश्वराचें, हें नैयायिकांचें जुनें म्हणणें. उदयनाचार्यांनीं ‘न्यायकुसुमांजली’त तें पराकाष्ठेस नेलें. उलट वेदप्रामाण्य मानणाऱ्या कुमारिलभट्टांनींच सृष्टिकर्त्याची कल्पना खोडून काढली. वादाचें मर्म समजण्यास पुण्यालगतच्या कासारवाडीपर्यंत जावें. तेथील एखाद्या कारखान्यांत लेथवर उतरलेला सुटा भाग पाहून आपण कारागिराचें अनुमान बिनदिक्कत करतों. कारण असे भाग उतरतांना आपण पाहिलेले असतात, ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहिलेला असतो, आणि मापांत न बसलेला माल कोपऱ्यांत पडलेला दिसतो. विश्वाचें ड्रॉइंग कोणीं पाहिलें? मापांत न बसलेलीं विश्वें कोणत्या कोपऱ्यांत आहेत?

‘असें आपोआप घडणें असंभाव्य’ हें म्हणावयाचें, तर किती शक्यतांपैकीं किती, हें माहीत असावें लागतें. याचा धडा नारळीकरांनींच पुण्यांत घालून दिला. २००८ सालीं त्यांनीं अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साहाय्यानें फलज्योतिषाची परीक्षा घेतली. १०० हुशार व १०० मतिमंदत्व असलेल्या मुलांच्या पत्रिका जमविल्या, त्यांतील ४०-४० पत्रिका ५१ ज्योतिष्यांकडे पाठविल्या आणि कोणती कोणत्या गटांतली तें ओळखावयास सांगितलें. २७ जणांनीं उत्तरें दिलीं. सरासरीनें ४६ टक्के बरोबर आलीं. हा आंकडा बोलका ठरला, कारण नाणें उडवूनहि सुमारें ५० टक्के साधतात हें आधींच ठाऊक होतें. विश्वाच्या बाबतींत असा तुलनेचा आंकडाच नाहीं. कार्बनची ती पातळी आणखी कोठें कोठें असूं शकली असती, आणि प्रत्येक ठिकाणचा संभव किती, हें कोणालाहि सांगतां येत नाहीं. विश्व आपल्यापुढें एकच आहे. एका उदाहरणावरून दुर्मिळता सिद्ध होत नाहीं.

हाच दंडक प्रतिपक्षालाहि लागू आहे. विश्वें अगणित आहेत, त्यांतल्या जगण्याजोग्या एकांत आपण आहों, यांत नवल तें काय, असें कित्येक शास्त्रज्ञ म्हणतात. पण तीं अगणित विश्वेंहि कोणीं पाहिलेलीं नाहींत. न दिसणाऱ्या एका कर्त्याऐवजीं न दिसणारीं असंख्य विश्वें पुढें केल्यानें वाद मिटत नाहीं, फक्त त्याची जागा बदलते.

यांत खरा धोका श्रद्धेला आहे, आणि आस्तिकांनीं तो ओळखावा. ग्रहमालेची घडी टिकविण्यास ईश्वराचा हात मधूनमधून लागेल असें न्यूटनला वाटे; लाप्लासच्या गणितानें पुढें ती गरज उरूं दिली नाहीं. ७·६५ या आंकड्याचें कारणहि उद्यां एखाद्या व्यापक सिद्धान्तांतून निघालें, तर ज्यांनीं देव त्या आंकड्यावर बसविला त्यांनीं काय करावें? देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पंढरीस जातांना याच कासारवाडीवरून पुण्यांत येते. त्या वारकऱ्याच्या पायांना बळ देणारी श्रद्धा अनुमानानें आलेली नाहीं, म्हणून अनुमान ढांसळल्यानें ती जाणारहि नाहीं. मुलांना ताऱ्यांत कार्बन कसा घडतो तें अवश्य सांगावें, त्यांच्या डोळ्यांतलें आश्चर्यहि मनसोक्त पाहावें. त्यापुढें ‘म्हणून’ हा शब्द उच्चारण्यापूर्वीं मात्र क्षणभर थांबावें.