१२० क्रेडिट, आणि मोडीचं एकही पत्र नाही

बी.ए. इतिहास पूर्ण करायला काय लागतं, असं कॉलेजात विचारलंत की तुमच्या हातात एक तक्ता येतो. सहा सत्रं, प्रत्येक सत्रात वीस-बावीस क्रेडिट, आणि मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी असे रकाने. बहुतेक विद्यार्थी या तक्त्याकडे रेल्वेच्या वेळापत्रकासारखं बघतात. आपली गाडी कोणती, कुठे बदलायची, एवढंच. पण तुम्ही पुढे संशोधनात यायचं म्हणताय ना? मग हा तक्ता साधन म्हणून वाचा. कागद कोणी केला, तो काय मोजतो आणि कशाबद्दल गप्प बसतो, हे तीन प्रश्न आपण कुठल्याही कागदाला विचारतो. यालाही विचारू.

आधी आकडे. युजीसीने डिसेंबर २०२२ मध्ये जो आराखडा काढला त्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० क्रेडिट आहेत. महाराष्ट्र शासनाने तो २०२३ मध्ये आपल्याकडे आणताना थोडी सवलत ठेवली, तिकडे १२० ते १३२ आणि इकडे १६० ते १७६. एक क्रेडिट म्हणजे सत्रभरात पंधरा तास वर्गातली शिकवणी, किंवा तीस तास प्रात्यक्षिक. साधारण निम्मी क्रेडिट मुख्य विषयाची, म्हणजे इतिहासाची असायला हवीत. उरलेल्या निम्म्यात बाकी सगळं.

'निम्माच इतिहास?' असं म्हणून नाकं मुरडणारे प्राध्यापक तुम्हाला भेटतील. माझी तक्रार ती नाही. अर्थशास्त्र मायनर घेतलेला विद्यार्थी जमीन महसुलाचे कागद जास्त नीट वाचेल, भाषा मायनर घेतलेला तर नक्कीच. अडचण मेजरच्या निम्म्या भागात आहे.

तिथल्या पेपरांची नावं बघा. प्राचीन भारत, मध्ययुगीन भारत, मराठ्यांचा इतिहास, आधुनिक महाराष्ट्र, आधुनिक जग. विद्यापीठागणिक क्रम बदलतो, नावं फिरतात, पण बांधणी तीच. काळ आणि प्रदेश. म्हणजे पदवीसाठी तुम्हाला काय घडलं ते ठाऊक हवं. ते घडलं हे आपल्याला कळलं कसं, हा प्रश्न तीन वर्षांत कुठल्याही सक्तीच्या उत्तरपत्रिकेत आला नाही तरी पदवी अडत नाही.

एक उदाहरण घेऊ. पानिपतची तिसरी लढाई, १४ जानेवारी १७६१. कारणे व परिणाम लिहा, हा प्रश्न किती पिढ्यांनी सोडवला असेल! आता समजा तुमच्यासमोर त्या हिवाळ्यातलं एक मराठी पत्र ठेवलं. लिपी मोडी. शब्दांच्या मध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. सालाच्या जागी लिहिलंय 'इहिदे सितैन मया व अलफ'. हे अरबी अंक आहेत, शब्दांत. एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. हे शुहूर सन. मृग नक्षत्रापासून सुरू होणारं, म्हणून मृगसाल असंही म्हणतात. त्यात ५९९ मिळवले की १७६०. पण थांबा, जानेवारी उजाडला की ६०० मिळवायचे, कारण इंग्रजी साल बदललं आणि मृगसाल बदललं नाही. दिवस येतो 'छ' या अक्षरापुढे, आणि तो इस्लामी महिन्याचा चंद्र असतो. आणि पुष्कळ पत्रांवर साल नसतंच, नुसता दिवस आणि महिना. मग आतल्या मजकुरावरून साल ठरवायचं. कुणी कुठे मुक्काम केला, कोण जिवंत आहे, कोण गेलं, यावरून.

हे सगळं करायला फार तर आठवडाभराचा सराव लागतो. (लिपी सोडून. लिपीला वेळ लागतो.) पण हे एकदा हाताने केलं की पाठ्यपुस्तकातली प्रत्येक तारीख वेगळी दिसायला लागते. तिच्यामागे कुणीतरी केलेला हिशेब असतो आणि तो चुकलेलाही असू शकतो, हे अंगात मुरतं. इतिहासाचं शिक्षण सुरू होतं ते इथून, असं माझं मत आहे. आणि पदवीच्या अटींमध्ये नेमकं हेच नाही.

साधनं नाहीत म्हणावं तर तेही खरं नाही. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली छापला, एकूण बावीस खंड निघाले. गो. स. सरदेसायांनी संपादन केलेल्या पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३०च्या दशकात आले. हे सगळं बाळबोधीत छापलेलं आहे, म्हणजे मोडी येत नसली तरी वाचता येतं. कॉलेजच्या ग्रंथालयात यातला एखादा तरी खंड बऱ्याचदा असतो, वरच्या फळीवर. द्वितीय वर्षाला दहा पत्रं द्या, त्यांतली दोन एकमेकांशी न जुळणारी निवडा आणि विचारा, कोणावर विश्वास ठेवाल आणि का. यासाठी वेगळा निधी लागत नाही. लागतो तो तपासणारा, ज्याच्याकडे वेळ आहे. गाडी इथेच अडते. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचे शिक्षक तीन कॉलेजांत धावतायत, आणि एकेका वर्गाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. 'कारणे व परिणाम' तपासायला सोपं असतं. मुद्दे मोजायचे, गुण द्यायचे. तक्त्याला दोष देताना हे विसरू नका.

आता पद्धतीचा पेपर कुठे आहे? तो आहे, चौथ्या वर्षी. सातव्या सत्रात संशोधन पद्धती, आणि 'ऑनर्स विथ रिसर्च' घेतलं तर संशोधन प्रकल्प. युजीसीच्या आराखड्यात या प्रकल्पाला १२ क्रेडिट आहेत. म्हणजे तीन वर्षांवर बाहेर पडणारा विद्यार्थी पुराव्याची चिकित्सा सक्तीने कधीच करत नाही, आणि बी.एड., स्पर्धा परीक्षा, नोकरी करायला निघालेली मुलं तीन वर्षांवरच पदवी घेतात. शाळेत इतिहास शिकवणारे शिक्षक यांतूनच येतात, हे लक्षात घ्या. पद्धत ही फक्त भावी संशोधकांना लागते, असं या मांडणीने गृहीत धरलंय. हे मला पटत नाही. ब्रिटनमधल्या बऱ्याच विद्यापीठांत तीन वर्षांच्याच पदवीत शेवटच्या वर्षी दहा-बारा हजार शब्दांचा प्रबंध लिहून घेतात. तिकडचं सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही, वर्गातली संख्याच वेगळी. पण तीन वर्षांत बसत नाही हा युक्तिवाद मात्र टिकत नाही.

आणि या चौथ्या वर्षाच्या दाराशी पहारेकरी आहे, ७५ टक्क्यांचा. (हजेरीचे ७५ टक्के वेगळे. दोन्हींत गोंधळ करू नका, दरवर्षी कुणीतरी करतंच.) पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर 'विथ रिसर्च'. नसतील तर प्रकल्पाऐवजी पेपर घेऊन साधं ऑनर्स. म्हणजे बघा, सहा सत्रं तुम्हाला कारणे व परिणाम लिहायला लावायचे, आणि त्या गुणांवरून ठरवायचं की तुम्ही पुरावा वाचायला लायक आहात की नाही. मुद्देसूद उत्तर लिहिणारा विद्यार्थी आणि दोन विसंगत पत्रांपुढे रात्रभर बसणारा विद्यार्थी एकच असेल असं नाही. ज्या विषयात ६० टक्क्यांना प्रथम वर्ग मिळाला म्हणून घरी पेढे वाटले जायचे, त्यात ७५ ची अट कोणाला मागे ठेवते हेही विचारायला हवं.

दुसरा ७५ चा उंबरठा पीएच.डी.चा. २०२२च्या युजीसी नियमांप्रमाणे चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र. तेवढे नसतील तर एक वर्षाचं एम.ए. करा आणि ५५ टक्के मिळवा. तीन वर्षांवर बाहेर पडलात तर दोन वर्षांचं एम.ए., तिथेही ५५. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना पाच टक्क्यांची सूट. हिशेब केलात तर चार अधिक एक आणि तीन अधिक दोन, दोन्हीकडे पाचच वर्षं. थेट मार्गाने एक वर्ष वाचतं. ते वाचवावं का?

मला विचाराल तर इतिहासात घाई करू नका. एम.फिल. याच २०२२च्या नियमांनी बंद झालं. आधी त्यात एखादा छोटा विषय घेऊन चुकायला जागा होती. आता ती एम.ए.च्या प्रबंधातच उरलीय. विषय मराठेशाही असेल तर मोडी, बहुतेकदा फारसी, गोव्याचा असेल तर पोर्तुगीज. भाषा शिकायची दोन वर्षं कुठून तरी काढावीच लागतात. ती पीएच.डी.च्या नोंदणीनंतर काढणं फार महाग पडतं, घड्याळ चालू असतं आणि शिष्यवृत्ती असेल तर तिचंही.

तोवर त्या तक्त्यातलेच रकाने वापरा. कौशल्याच्या खात्यात काही कॉलेजांनी मोडी बसवलीय. दोन क्रेडिट म्हणजे तीस तास, प्रात्यक्षिक धरलं तर साठ. अक्षरओळख होते, घसटीचं अक्षर वाचता येत नाही, तरी घ्या. नसेल तर पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग निघतात, चौकशी करत राहा. फील्ड प्रोजेक्ट हा रकाना बहुतेक ठिकाणी किल्ल्याची सहल आणि रंगीत फोटोंच्या फाइलीत संपतो. तुम्ही त्याच क्रेडिटमध्ये गावातल्या देवस्थानाचे, सहकारी सोसायटीचे नाहीतर शाळेचे जुने कागद मागा. पन्नास कागदांची सूची करा, प्रत्येकापुढे तारीख, लिहिणारा, कुणाला, कशाबद्दल. मार्गदर्शक नाही म्हणणार नाहीत, उलट त्यांना बरंच वाटेल.

चौथं वर्ष घ्यायचं ठरलं तर प्रवेशाआधी विभागात जाऊन दोनच गोष्टी विचारा. प्रकल्प कोण बघणार, आणि मागच्या तुकडीचा एखादा प्रकल्प वाचायला मिळेल का. मिळाला तर शेवटून उघडा. तळटिपांत नुसती पाठ्यपुस्तकं आणि संकेतस्थळं असतील, तर ते वर्ष एम.ए.ला द्या.