टंकलेखनाधारित दृश्यकादंबरी आणि खेळाडूंचे अभिप्राय : एक समीक्षात्मक विचार

प्रस्तावना :

संगणकाच्या पडद्यावर पात्रांची चित्रे, पार्श्वसंगीत आणि लिखित संवाद यांच्या साहाय्याने सांगितली जाणारी व वाचकाने वाक्यागणिक स्वतः पुढे न्यावयाची कथा म्हणजे ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ अथवा दृश्यकादंबरी होय. हा प्रकार जपानमध्ये वाढला आणि १९९० च्या दशकात या नावाने स्थिरावला. २००४ मध्ये ‘रेनपाय’ हे मोफत साधन उपलब्ध झाले व तो हौशी लेखकांच्या हाती आला. २००५ पासून मार्च महिन्यात होणाऱ्या ‘नानोरेनो’ या उपक्रमात महिन्याभरात एक दृश्यकादंबरी लिहून पूर्ण करावयाची असते. ठरावीक मुदतीत खेळ तयार करण्याच्या अशा उपक्रमांना ‘गेम जॅम’ म्हणतात. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘लुडम डेअर’मध्ये एकट्याने काम करणाऱ्यास ४८ तास व गटाने काम करणाऱ्यांस ७२ तास अशी मुदत ठरली होती.

अशा उपक्रमांतून पुढे आलेल्या कृतींत एक लहानसा उपप्रकार आढळतो. त्यात वाचक माउसची टिचकी मारून पुढे जात नाही. पात्राच्या तोंडचे वाक्य त्याला कळफलकावर स्वतः टंकित करावे लागते आणि ते पूर्ण झाल्यावरच कथा सरकते. या कृतींवर खेळाडू जे अभिप्राय नोंदवतात त्यांत दोन प्रकारची विधाने सरमिसळ झालेली दिसतात. एक, कथा, पात्रे व चित्रे यांविषयीची. दुसरी, वेळ अपुरा पडतो, चूक खोडता येत नाही, विरामचिन्हांचा जाच होतो, अक्षर बारीक आहे अशी. पहिल्या प्रकारास आस्वाद आणि दुसऱ्यास तांत्रिक तक्रार मानण्याची प्रथा आहे. ही विभागणी या साहित्यप्रकारापुरती चुकीची आहे. येथे टंकलेखन हे कथा वाहून नेणारे निव्वळ वाहन नसून निवेदनाचाच भाग असते. म्हणून बोटांची तक्रार ही बहुधा अर्थाविषयीची तक्रार असते. मराठीच्या बाबतीत तर ही गोष्ट अधिकच तीव्रतेने जाणवते.

अभिप्राय देणारा कोण?

जॅममधील अभिप्रायाचे मोल ठरविण्यापूर्वी तो देणारा कोण हे पाहणे आवश्यक ठरते. लुडम डेअरच्या रूढ पद्धतीत सहभागी व्यक्तीच एकमेकांचे खेळ खेळून गुण देत. कृतीला निकालात स्थान मिळण्यासाठी साधारण २० जणांचे गुण लागत आणि ते मिळावेत म्हणून निर्माता स्वतः इतरांचे खेळ खेळून अभिप्राय देत असे. म्हणजे येथील समीक्षक हा प्रतिस्पर्धी असतो, सहप्रवासी असतो आणि परतफेडीच्या अपेक्षेत असलेला शेजारीही असतो. साहजिकच अभिप्रायाची सुरुवात कौतुकाने होते. दोन दिवसांत एवढे काम केले हीच दाद ठरते. ही सौजन्याची भाषा वाईट नव्हे, परंतु तिच्यातून कृतीविषयी फार थोडे कळते.

मराठी वाचकास या परिस्थितीची ओळख एकांकिका स्पर्धांतून आहे. सोलापूर विद्यापीठाच्या युवा महोत्सवात एकांकिका सादर करणाऱ्या मोहोळच्या विद्यार्थ्यासमोरही प्रेक्षक म्हणून बव्हंशी इतर महाविद्यालयांचे संघच बसलेले असतात. मात्र तेथे परीक्षक वेगळे असतात. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका पात्र न मानता करंडक कोणालाच दिला नाही. त्या निर्णयावर उलटसुलट चर्चा झाली. तो निर्णय योग्य होता की अयोग्य हा येथील विषय नव्हे. परंतु ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असलेली एक जागा त्या स्पर्धेच्या रचनेतच आहे, ती जॅमच्या परस्पर अभिप्रायात नसते. तेथे नकार शिरतो तो तांत्रिक तक्रारीच्या वाटेने. ‘कथा कंटाळवाणी आहे’ असे लिहिणे अवघड जाते. ‘वाक्ये टंकित करण्यास फार लांब आहेत’ असे लिहिणे सोपे जाते. अभ्यासकाने दुसऱ्या वाक्यात पहिले वाक्य ऐकावयास शिकले पाहिजे. प्रत्येक वेळी ते तेथे असेलच असे मात्र नाही.

हात आणि अर्थ :

एस्पेन आर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात वाचकाकडून क्षुल्लक नसलेल्या प्रयत्नांची मागणी करणाऱ्या साहित्याचा वेगळा वर्ग कल्पिला. डोळे फिरविणे व पाने उलटणे हे प्रयत्न त्यांनी क्षुल्लक मानले. त्यांचा भर वाचक कोणता मार्ग निवडतो यावर आहे. टंकलेखनाधारित दृश्यकादंबरीत मात्र मार्ग पुष्कळदा एकच असतो. वाक्य ठरलेले असते आणि वाचकाने ते केवळ उतरवून काढावयाचे असते. तरीही अनुभव बदलतो. पात्राने आपल्या वडिलांना लिहिलेले कठोर पत्र डोळ्यांनी वाचणे आणि तेच पत्र स्वतःच्या बोटांनी अक्षर-अक्षर उमटविणे यांत फरक आहे. लिहिणाऱ्या हाताला कठोरतेची जबाबदारी थोडीशी का होईना चिकटते. आर्सेथ यांची व्याख्या या फरकाला पुरी पडत नाही, कारण येथील प्रयत्न निवडीचा नसून श्रमाचा आहे.

सेगाच्या ‘द टायपिंग ऑफ द डेड’ (१९९९) या खेळात शब्द टंकित होताच समोरचे प्रेत कोसळते. तेथे शब्दाचा अर्थ अनावश्यक असतो. शब्द म्हणजे बंदुकीची गोळी. दृश्यकादंबरीने हे तंत्र घेतले की लगेच एक विसंगती उभी राहते. वेग वाढविला तर वाचन सुटते आणि वाचन सांभाळले तर वेग सुटतो. घड्याळ लावलेल्या कृतींवरील अभिप्रायांत ‘वाक्य पूर्ण केले, पण काय लिहिले ते कळले नाही’ अशा आशयाची तक्रार येते ती यामुळेच. भांडणाच्या प्रसंगी घाई योग्य ठरू शकते, कारण भांडणारा माणूसही आपण काय बोलतो ते धडपणे ऐकत नसतो. आठवणीच्या प्रसंगी तीच घाई कथेचा घात करते. खेळाडूने केवळ ‘वेळ कमी आहे’ एवढेच लिहिले तरी तो प्रसंग कोणता होता हे पाहिल्यावाचून त्या तक्रारीचा निवाडा करता येत नाही.

काईल सीली यांची ‘एमिली इज अवे’ (२०१५) ही कृती येथे विशेष लक्षणीय आहे. ती जॅममधील नव्हे, पण लहान, मोफत आणि याच जातीची आहे. २००२ ते २००६ या पाच वर्षांतील दोन तरुणांचे संगणकावरील संभाषण हा तिचा संपूर्ण आशय. खेळाडू तीनपैकी एक उत्तर निवडतो आणि नंतर कळफलकावरील कोणत्याही कळा दाबतो. पडद्यावर मात्र लेखकाने आधीच लिहून ठेवलेले वाक्य उमटते. काही ठिकाणी लिहिलेले वाक्य खोडले जाऊन त्याजागी अधिक सावध, अधिक निर्जीव वाक्य येते. अखेरीस नाते तुटते, आणि कोणतीही उत्तरे निवडली तरी शेवट फारसा बदलत नाही. निवडीला अर्थ नाही, हा या कृतीवरील नेहमीचा आक्षेप. आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे, पण तो दोष दाखवितो असे म्हणता येत नाही. बोटे हलत आहेत, शब्द मात्र दुसऱ्याचेच येत आहेत, हाच त्या तरुणाचा अनुभव आहे. आक्षेप घेणाऱ्या खेळाडूने तो अनुभव अचूक टिपला आणि चुकीच्या खात्यात जमा केला.

याची उलट बाजू जपानी कृतीत दिसते. युजी होरी यांची ‘पोर्टोपिया’ ही १९८३ ची हत्याकथा मूळ संगणकावर शब्द टंकित करून खेळली जात असे. खेळाडूला नेमका कोणता शब्द यंत्रास मान्य आहे हे अंदाजाने शोधावे लागे. १९८५ च्या फॅमिकॉम आवृत्तीत टंकलेखन जाऊन आज्ञांची यादी आली आणि जपानी कथाखेळांचा पुढील प्रवास बव्हंशी यादीच्या वाटेने झाला. २०२३ मध्ये स्क्वेअर एनिक्स या कंपनीने हीच कथा भाषा समजणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रात्यक्षिकासाठी पुन्हा टंकलेखनाकडे आणली. खेळाडूंचा कौल अत्यंत प्रतिकूल आला. साधी वाक्ये लिहूनही सोबतच्या पात्रास ती कळत नाहीत, हीच मुख्य तक्रार. चाळीस वर्षांच्या अंतराने तीच तक्रार परत यावी हे बोलके आहे. लिहिण्याची मुभा दिली की ऐकून घेण्याचे वचनही दिले जाते. ‘एमिली’ने ते वचन दिलेच नव्हते, नव्या ‘पोर्टोपिया’ने दिले आणि मोडले. वरवर दोन्हीकडील तक्रार एकच वाटते – ‘माझ्या लिहिण्याला किंमत नाही’ – परंतु एकीकडे ती आशय सांगते व दुसरीकडे अपयश.

मराठी कळफलकाचा प्रश्न :

अशी कृती मराठीत लिहावयाची झाल्यास अभिप्रायाचे स्वरूप मुळापासून बदलेल. मोहोळसारख्या तालुक्याच्या गावी टंकलेखन हा शब्द प्रथम नोकरीशी जोडला जातो. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० अथवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट ही अट, त्यासाठीची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा आणि त्या परीक्षेसाठी टंकलेखन संस्थेत घालविलेले महिने हे अनेक घरांतील वास्तव आहे. तेथे उतारा समजून घ्यावयाचा नसतो. नजर कागदावर व बोटे कळांवर ठेवून तो उतरवावयाचा असतो. अर्थात रमणारा उमेदवार मागे पडतो. असा तयार हात दृश्यकादंबरीसमोर बसला तर पात्राचे पत्र त्याला परीक्षेच्या उताऱ्यासारखेच दिसणार. त्याने दिलेला ‘फार सोपे आहे’ हा अभिप्राय कथेच्या लेखकाला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा ठरावा.

दुसरा प्रश्न चूक कशास म्हणावे हा होय. इंग्रजीत एक कळ म्हणजे एक अक्षर, त्यामुळे चूक क्षणात ठरते. मराठीत तसे नाही. टंकयंत्रावरून आलेल्या रेमिंग्टन रचनेत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होते, रफार अक्षरानंतर येतो, आणि ‘भ’, ‘थ’, ‘श’ यांसारखी अक्षरे अर्ध्या रूपाला काना जोडून पूर्ण होतात. हात कागदावरील आकृतीच्या क्रमाने चालतो. इनस्क्रिप्ट रचनेत वेलांटी अक्षरानंतर येते आणि रफारातील ‘र’ आधी. येथे हात उच्चाराच्या क्रमाने चालतो. स्वर डाव्या हाताकडे आणि व्यंजने उजव्या हाताकडे अशी तिची विभागणी आहे. तिसरा मार्ग रोमन लिपीत लिहून देवनागरी शब्द निवडण्याचा. तरुणांच्या सरावाचा तोच, आणि त्यात तर देवनागरी अक्षर बोटाखाली येतच नाही. एकच ‘किर्ती’ हा शब्द (शुद्धलेखनाने ‘कीर्ती’ हवा, पण खेळाडू घाईत असतो) तिघांच्या हातांत तीन वेगळ्या हालचाली घडवितो. प्रत्येक कळ तपासणारा खेळ यांपैकी एकालाच बरोबर ठरविणार व उरलेल्यांना निष्कारण दोष देणार. पूर्ण शब्द झाल्यावर तपासणारा खेळ न्याय्य ठरेल, पण अक्षर-अक्षर उमटण्यातील ताण त्यात उरणार नाही.

साधनांचाही अडथळा होता. रेनपायच्या जुन्या आवृत्त्यांत देवनागरीची जोडाक्षरे व वेलांट्या नीट जुळत नसत. २०२० नंतरच्या आवृत्त्यांत तशी सोय झाली. त्याआधी एखाद्या खेळाडूने ‘अक्षरे तुटलेली दिसतात’ असे लिहिले असते तर ती तक्रार तांत्रिक म्हणून बाजूला सारता आली असती काय? वाचताच न येणारे वाक्य पुन्हा टंकित करा असे सांगणे हा कथेचा प्रसंग होऊ शकत नाही.

यातून व्यवहारात एक गोष्ट निघते. मराठी टंकलेखनाधारित कृतीवर अभिप्राय मागविताना आवडले की नाही हे विचारण्याआधी खेळाडूने कोणता कळफलक वापरला आणि तो कोठे शिकला हे विचारावे लागेल. इनस्क्रिप्टवर ‘क्षि’ खोडताना आधी वेलांटी जाते, मग ‘ष’, आणि क्षणभर पडद्यावर हलन्त ‘क्’ उरतो. बोलता बोलता अडखळलेल्या पात्रासाठी लेखकाला याहून चांगले साधन मिळणार नाही. रोमन मार्गाने लिहून शब्द पक्का करणाऱ्या खेळाडूला मात्र त्या हलन्ताचे दर्शन सहसा घडणारच नाही. त्याने ‘पात्राचे अडखळणे जाणवले नाही’ असे लिहिले तर त्याचा अभिप्राय खरा आणि लेखकाचा प्रसंगही खरा.

चुकांबाबत सैल राहावे, खेळाडूला नाउमेद करू नये, ही सूचना जॅमच्या सौजन्याला साजेशी आहे. मराठीत ती सरसकट मानता येणार नाही. ‘दऱ्या’ लिहिताना इनस्क्रिप्टवर शिफ्ट कळीसह येणारा ‘ऱ’ न वापरता साधा ‘र’ वापरला तर पडद्यावर ‘दर्या’ उमटतो. ‘आचाऱ्यांना’ ऐवजी ‘आचार्यांना’ झाले तर पंगतीतील स्वयंपाकी मठात जाऊन बसतात. सैल खेळ ही चूक माफ करून पुढे सरकेल आणि घाटातून निघालेली कथा खेळाडूच्या हाताने समुद्राकाठी पोचेल. येथे खेळ थांबला पाहिजे, आणि ‘एका नुक्त्यासाठी अडवले’ अशी तक्रार आली तर ती येऊ दिली पाहिजे.