शिल्प ‘वारसा दाखवतं’ म्हणजे नेमकं काय दाखवतं?

‘हे शिल्प इथला औद्योगिक वारसा दाखवतं’ असं वाक्य तुमच्या प्रपोजलमध्ये आलं, तर गाईडचा पहिला प्रश्न असेल, ‘कशावरून?’ आज तोच प्रश्न एका प्रसिद्ध शिल्पाला विचारून बघू.

ईशान्य इंग्लंडमधल्या गेट्सहेडला अँटनी गॉर्मलीचं ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ १९९८ पासून उभं आहे. उंची २० मीटर, पंखांची लांबी ५४ मीटर, वजन सुमारे २०० टन.

पहिला पुरावा जागेचा. इथे पूर्वी कोळशाची खाण होती. शिल्प जितकं वर दिसतं, जवळपास तितकेच खोल त्याच्या पायाचे काँक्रीटचे खांब खडकापर्यंत गेलेत.

दुसरा पुरावा पदार्थाचा. हे कॉर्टेन स्टील आहे. साध्या लोखंडाच्या गंजाचे पापुद्रे सुटतात आणि आतला धातू खात जातात. कॉर्टेनमध्ये थोडं तांबं असतं. त्याचा गंज घट्ट चिकटून बसतो आणि आतल्या धातूला सांभाळतो. म्हणून रंग लावावा लागत नाही.

तिसरा पुरावा हातांचा. शिल्प जवळच्या हार्टलपूलमधल्या कारखान्यात बनलं. अंगावरच्या उभ्या फासळ्या बघितल्या की जहाजाचा सांगाडा आठवतो, आणि टाइन नदीकाठी जहाजंच तर बांधली जायची.

इथवर विधान टिकतं. आता उलट बाजू तपासा. हे शरीर कुणाचं? साचा गॉर्मलीच्या स्वतःच्या शरीराचा आहे. चेहरा कोरा. खाणकामगाराचा दिवा नाही, हत्यार नाही. १९८४-८५ चा मोठा संप, त्यानंतर बंद पडलेल्या खाणी, यांची खूण कुठेच नाही. माझ्या मते, हे शिल्प कौशल्य जपतं आणि संघर्ष गाळतं. म्हणून ‘वारसा दाखवतं’ हे अर्धंच खरं आहे.

मग लोकांनी ते आपलं मानलंच नाही का? मानलं. आधी विरोध झाला होता, पण त्याच वर्षी फुटबॉलवेड्यांनी त्याच्या अंगावर अ‍ॅलन शिअररची ९ नंबरची अवाढव्य जर्सी चढवली. मात्र लोकांनी आपलं मानणं आणि शिल्पाने त्यांचा इतिहास सांगणं, ही दोन वेगळी विधानं आहेत. दोन्हींना पुरावे वेगळे लागतात.

तुमच्या टिपणवहीत ‘काय दिसतं’ या रकान्याशेजारी ‘काय दिसत नाही’ असा रकाना आजच आखा. बरेचदा संशोधनाचा प्रश्न तिथेच सापडतो.