विनामूल्य दूरदर्शन आणि भवानी पेठ

दूरचित्रवाणीच्या चालू वाहिन्या इंटरनेटवरून, वर्गणी न घेतां, मोबाइलवर दाखविण्याची जी नवी वहिवाट पडली आहे, तिची चर्चा बहुधा पैशाच्या अंगानें होते. आमच्या मतें तें अंग सर्वांत कमी महत्त्वाचें होय. प्रसार भारतीनें २० नोव्हेंबर २०२४ रोजीं गोव्याच्या चित्रपट महोत्सवांत ‘वेव्हज’ हें ॲप सुरू करून आरंभींच ६५ थेट वाहिन्या देऊं केल्या. परंतु डेटाचे पैसे ग्राहकास मोजावेच लागतात. आणि छपरावर थाळी बसवून मासिक वर्गणीशिवाय वाहिन्या पाहण्याची सरकारी सोय तर डिसेंबर २००४ पासूनच आहे. तेव्हां फुकटपणांत नवल तें काय?

नवल कोठें आहे हें पाहावयाचें तर सोलापूरच्या भवानी पेठेंत जावें. ही वस्ती यंत्रमागांची, व पिढ्यांपूर्वीं तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांची. आजी तेलुगू बोलते, नातू मराठी शाळेंत जातो, बाजारांत कानडी व दखनी कानांवर पडतात. एकाच वाक्यांत दोन भाषा आल्या तरी येथें कोणी मान वळवून पाहत नाहीं. दूरदर्शनची मांडणी मात्र राज्यवार. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं निघालेल्या मुंबई केंद्राची पुढें ‘सह्याद्री’ झाली, कानडीस ‘चंदना’, आणि २०१४ सालीं तेलंगण वेगळें झाल्यावर तेलंगणास ‘यादगिरी’, आंध्रास ‘सप्तगिरी’. प्रत्येक भाषेस तिचें राज्य नेमून दिलेलें! शेजारच्या राज्याची वाहिनी सोलापुरांत दिसावी कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं केबलवाल्याच्या हिशेबावर राहिलें. आतां ‘सह्याद्री’ व ‘यादगिरी’ एकाच पडद्यावर शेजारीं शेजारीं नांदतात, आणि निवड पाहणाराच्या बोटावर आली. या एका गोष्टीसाठीं आम्ही या योजनेचें मनःपूर्वक स्वागत करतों.

तथापि दोष लपविण्याचें कारण नाहीं. थेट म्हणविणारें हें प्रक्षेपण खरें थेट नसतें. चित्राचे तुकडे करून, ते सांठवून मग पुढें पाठवावे लागतात. सबब थाळीवरील चित्राच्या तें मागेंच राहतें. भिंतीस भिंत लागलेल्या वस्तींत मतमोजणीच्या दिवशीं शेजारचा जल्लोष आधीं ऐकूं येतो (मागांच्या खडखडाटांत ऐकूं आलाच तर!) आणि त्याचें कारण मागाहून दिसतें. क्रिकेटचीही तीच निराशा. २००७ च्या कायद्यान्वयें राष्ट्रीय महत्त्वाचे सामने दूरदर्शनास मिळतात खरे, परंतु तो हक्क जमिनीवरील प्रक्षेपण व सरकारी थाळी यांपुरताच आहे. इंटरनेटचा त्यांत समावेश नाहीं.

हे दोष यंत्राचे व कायद्याचे. ते आज ना उद्यां सुधारतील. आमचा खरा आक्षेप निराळा आहे. १९८७ सालीं ‘रामायण’ लागे तेव्हां एका संचासमोर सारा वाडा बसे. त्या संचावर काय लागावें याबद्दल भांडणें होत, आणि त्या भांडणांत नातवाच्या कानांवर आजीची आवड व आजीच्या कानांवर नातवाची आवड सक्तीनें पडे. मोबाइलनें हें भांडण मिटविलें; पण कसें? आजी एका कोपऱ्यांत तेलुगू कीर्तन ऐकते, नातू दुसऱ्या कोपऱ्यांत कानांत बोंडें घालून आणखी कांहीं पाहतो. घरांत परत आलेली भाषा आजीच्या तळहातापुरतीच आली. ज्या मुलास तेलुगू समजतें पण वाचतां येत नाहीं, त्याच्यापर्यंत ती पोंचावी अशी तजवीज या विनामूल्य उदारतेंत आम्हांस दिसली नाहीं.

वाहिन्यांची संख्या ६५ वरून शंभरांवर नेण्यांत आम्हांस विशेष पुरुषार्थ वाटत नाहीं. त्यापेक्षां ‘यादगिरी’वरील एखाद्या नाटकाखालीं मराठी अक्षरें आणि ‘सह्याद्री’वरील मुलाखतीखालीं तेलुगू अक्षरें दिसावींत, एवढें प्रसार भारतीनें मनावर घ्यावें. खर्च होईल, हें उघड आहे. परंतु अशा संस्थेनें केवळ खर्चाची सबब पुढें करणें शोभत नाहीं. अशीं अक्षरें आलीं म्हणून नातू आजीजवळ येऊन बसेलच, अशी हमी आम्ही देत नाहीं. पण शेजारचा मराठी भाडेकरू तरी खास बसेल.