‘डर’मधील प्रतिनायक आणि प्रणयाची परिभाषा

यश चोप्रा दिग्दर्शित ‘डर’ (१९९३) या चित्रपटातील राहुलच्या विकृतीची उकल त्याच्या मृत आईपासून सुरू करण्याचा मोह होतो. तो तिच्याशी दूरध्वनीवर बोलत राहतो. हा तपशील मनोविश्लेषणाला जणू आमंत्रणच देतो. परंतु ही उकल फार सोयीची आहे. विकृतीचे मूळ एका पोरक्या मनात सापडले, की ती ज्या प्रेमकल्पनेवर पोसली जाते, ती आपोआप निर्दोष ठरते.

चित्रपटाच्या आरंभी राहुल आडून गातो आणि किरणला वाटते, हा सुनीलच. आवाजाच्या रोखाने ती आनंदाने धावते. प्रियकर आणि पाठलाग करणारा यांची भाषा इतकी एकरूप आहे, की तिला भेद करता येऊ नये, हेच या प्रसंगाचे मर्म होय. आर्जव, पिच्छा, नकाराला लटका राग समजणे ही सारी हिंदी चित्रपटातील नायकाचीच सामग्री. राहुल ती अक्षरशः खरी मानतो. छातीवर सुरीने कोरलेले प्रियेचे नावही ‘हृदयावर कोरलेल्या नावा’च्या रूढ संकेताचेच देहरूप.

शीर्षकातील भय किरणचे, अंतर्मन मात्र राहुलला. प्रेक्षकाची सहानुभूती त्याच्याकडे वळते, याचे श्रेय केवळ शाहरुख खानच्या (निःसंशय प्रभावी) अभिनयाला देणे म्हणूनच अपुरे आहे. राहुल रवैल यांच्या ‘अंजाम’मध्ये (१९९४) कर्तेपण छळ सोसणाऱ्या शिवानीकडे येते, पण शेवटी छळणाऱ्याबरोबर तिलाही कड्यावरून कोसळावे लागते.