अधिक-उणे 25 केल्विन, पण कशाचे?

गेल्या महिन्यात थीसिसच्या तिसऱ्या चॅप्टरचा मसुदा सरांकडून परत आला. बाकी पानांवर नेहमीच्या खुणा होत्या. एका टेबलवर मात्र पेन्सिलीनं एकच ओळ होती: "हे 50 कुठून आणलंस?" टेबलात अकरा तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांची तापमानं होती आणि प्रत्येक आकड्यापुढे अधिक-उणे 50 केल्विन. मी सांगितलं, "सर, पेपरमध्ये तसंच दिलंय." ते म्हणाले, "पेपरमध्ये दिलंय ते मलाही दिसतंय गं. तुला पटलंय का?"

पटायचा प्रश्नच आला नव्हता, कारण मी ते पेपर वाचलेच नव्हते. त्यातली टेबलं उचलली होती. तुमच्यापैकी जे आता पीएचडीच्या तयारीत आहात त्यांनी हे वाक्य लक्षात ठेवा. मी काही जगावेगळं केलं नव्हतं, बहुतेक जण हेच करतात. त्यानंतर दोन आठवडे मी मागे मागे वाचत गेले. त्यातल्या मुख्य पेपरांविषयी मला काय वाटलं ते इथे लिहिते.

आधी तापमानाचा एवढा बाऊ कशाला, ते सांगते. आपल्याला ताऱ्यात टायटेनियम किती, लोखंड किती हे हवं असतं. वर्णपटातली रेषा किती खोल आहे त्यावरून ते काढतात. पण रेषा मोजते ती फक्त त्या अवस्थेतले अणू: विद्युतभारित न झालेले आणि नेमक्या ऊर्जापातळीवर बसलेले. एकूण अणूंपैकी असे किती, हे ठरवतं मुख्यतः तापमान (साहा समीकरण आठवा, मेघनाद साहांनी ते 1920 मध्ये मांडलं). गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रोडवर दिसणारी माणसं मोजून पेठांची लोकसंख्या काढायची, असा हा उद्योग आहे. संध्याकाळी आठ वाजता मोजलं की दुपारी दोन वाजता, हे चुकलं तर मोजणी कितीही काटेकोर करा, उत्तर चुकणारच. तापमान म्हणजे ती वेळ.

आता पहिला पेपर. एमिली लेव्हेस्क, फिलिप मॅसी आणि सहकाऱ्यांचा, 2005 चा. आपल्या आकाशगंगेतले 74 तांबडे महाराक्षसी तारे. तेव्हा एक अडचण कित्येक वर्षं पडून होती. जुन्या तापमानांनुसार हे तारे एचआर आकृतीत जिथे बसायचे, तिथे ताऱ्यांच्या उत्क्रांतीच्या मॉडेलांना तारा नेताच येत नव्हता. ते हायाशी मर्यादेच्या पलीकडे, म्हणजे तारा स्थिर राहूच शकणार नाही इतक्या थंड बाजूला पडत होते. या मंडळींनी दृश्य प्रकाशातले वर्णपट घेतले आणि तेव्हा नव्यानं सुधारलेली मार्क्स मॉडेलं वापरून टायटेनियम ऑक्साइडचे पट्टे फिट केले. हा रेणू थंडीत टिकतो आणि उष्णता वाढली की फुटतो, म्हणून पट्टा जितका खोल तितका तारा थंड. एम प्रकारचे तारे ओळखायची पद्धतच मुळात या पट्ट्यांवर उभी आहे. निष्कर्ष असा निघाला की तारे जुन्या मोजपट्टीपेक्षा गरम आहेत. सगळ्यात थंड प्रकारांसाठी फरक 400 केल्विनपर्यंत. आणि ते उत्क्रांतीच्या रेघांवर छान जाऊन बसले.

पेपर सुंदर आहे, यात वाद नाही. लिखाण स्वच्छ आहे आणि मॉडेल कुठे कमी पडतं तेही झाकलेलं नाही: कॅल्शियमच्या काही रेषा मॉडेलमध्ये अवास्तव जोरकस येतात, हे सारांशातच कबूल केलंय. पहिल्या लेखिकेनं हे काम पदवीच्या विद्यार्थिनी असताना केलंय, हे कळल्यावर मला जरा स्वतःची लाजच वाटली.

पण एक जागा मला खटकते. तारे उत्क्रांतीच्या रेघांशी जुळले, हाच नव्या मोजपट्टीचा संपूर्ण स्वतंत्र पडताळा, असा दावा तिथे आहे. खरंच स्वतंत्र? त्या रेघांची थंड कड कुठे पडणार हे ठरवतं ताऱ्याच्या बाहेरच्या थरांतलं अभिसरण, आणि त्यासाठी मॉडेलात 'मिक्सिंग लेन्थ' नावाचा एक आकडा हातानं घालावा लागतो. तो साधारणपणे सूर्याशी जुळवून घेतात. सूर्याच्या शेकडो पट त्रिज्येच्या ताऱ्याला तोच आकडा लागू पडावा असं काही बंधन नाही, आणि तो थोडा हलवला की कड शे-दोनशे केल्विन सहज सरकते. म्हणजे जुळणी झाली ती एका सैल कडेशी. दुसरा पडताळा रंगावरून घेतलाय: दृश्य आणि अवरक्त तेजाच्या फरकावरूनही साधारण तशीच तापमानं येतात. पण तो रंग तापमानात बदलायला वापरली ती मार्क्स मॉडेलंच. एका दुकानदाराच्या तराजूवर वजन केलं आणि खात्रीसाठी त्याच दुकानदाराच्या दुसऱ्या तराजूवर केलं. दोन्ही जुळले तर तराजू एकमेकांशी जुळतात एवढंच कळतं.

हे आज 20 वर्षांनंतर म्हणणं सोपं आहे, हे मान्य. पण पेपर वाचताना 'पडताळा' हा शब्द आला की कोणाशी पडताळलं आणि त्याचा आधार कुठून आला, एवढं तरी विचारायला हवं. मी विचारलं नव्हतं.

दुसरा पेपर बेन डेव्हिस आणि सहकाऱ्यांचा, 2013 चा. चिलीतल्या व्हीएलटीवरचं एक्स-शूटर हे उपकरण दृश्य प्रकाशापासून अवरक्तापर्यंतचा वर्णपट एकाच वेळी घेतं. त्यांनी मॅजेलन मेघांमधले तारे घेतले आणि मला फार आवडलेली गोष्ट केली: तोच तारा, तोच वर्णपट, तीच मार्क्स मॉडेलं, पण तापमान तीन वाटांनी काढलं. एकदा टायटेनियम ऑक्साइडच्या पट्ट्यांवरून, एकदा रेषा नसलेल्या सलग भागावरून, एकदा एकूण ऊर्जेवरून. पट्ट्यांचं तापमान बाकी दोघांपेक्षा काही शे केल्विननं कमी आलं. आणि पट्ट्यांचं तापमान खरं मानलं तर मॉडेल अवरक्तात प्रत्यक्षापेक्षा खूपच जास्त प्रकाश दाखवतं, शिवाय वाटेतली धूळ शेजारच्या ताऱ्यांपेक्षा विचित्र कमी निघते. सलग भागावरून आलेली तापमानं 4150 केल्विनच्या आसपास गोळा झाली.

गंमत म्हणजे बर्ट्रांड प्लेझ हे दोन्ही पेपरांचे सहलेखक आहेत. म्हणजे ही दोन छावण्यांमधली मारामारी नाही. भांडण आहे ते एकाच मॉडेलच्या दोन उंचींमधलं. सलग प्रकाश खोल थरांतून येतो, टायटेनियम ऑक्साइड वरच्या विरळ थरांत बनतो. मॉडेल एकमितीय आहे, म्हणजे तारा कांद्यासारखा, प्रत्येक पापुद्रा सगळीकडे सारखा. खरा महाराक्षसी तारा असा नसतो. त्याच्यावर पृष्ठभागाचा मोठा हिस्सा व्यापणारे अभिसरणाचे प्रचंड बुडबुडे असतात. वरचा थर मॉडेलपेक्षा थंड असेल तर पट्टे खोल दिसतील आणि आपण म्हणू, तारा थंड आहे.

याचा परिणाम किती? दीप्ती तीच धरली तर त्रिज्या तापमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. 3650 च्या जागी 4150 घाला: त्रिज्या जवळपास 23 टक्क्यांनी कमी होते. 1000 सूर्यत्रिज्यांचा तारा 770 वर येतो. अधिक-उणे 50 मध्ये हे कुठेच मावत नाही.

म्हणून 2013 चा पेपर बरोबर आणि 2005 चा चूक, असं लिहून मोकळं व्हावं? मीही पहिल्या आठवड्यात तेच केलं होतं, टेबलातली सगळी तापमानं खोडून 4150 घातली होती. तेही टेबल उचलणंच झालं, फक्त दुसऱ्या पेपरातलं. बीटलज्यूस, म्हणजे मृगातली काक्षी, हा तारा इतका मोठा आणि जवळ आहे की त्याचा कोनीय व्यास इंटरफेरोमीटरनं थेट मोजता येतो, सुमारे 42 ते 44 मिलिआर्कसेकंद. व्यास आणि पृथ्वीवर पोचणारी ऊर्जा यांवरून येणारं तापमान 3650 च्या आसपास असतं, म्हणजे जुन्या मोजपट्टीजवळ! मॅजेलन मेघांत जड मूलद्रव्यं कमी आहेत, तेव्हा फरकाचा काही भाग खरा असू शकेल. पण 2013 च्या पेपरातलं 4150 जिथे तिथे चिकटवणाऱ्या नंतरच्या लेखांत (आणि माझ्या दुसऱ्या मसुद्यात) हा विचार नाही.

याच ताऱ्यानं पुढे अजून एक परीक्षा घेतली. 2019 च्या शेवटी तो मंदावायला लागला. एरवी 0.5 प्रतीच्या आसपास असणारा तारा फेब्रुवारी 2020 मध्ये 1.6 प्रतीपर्यंत उतरला. नुसत्या डोळ्यांना फरक कळत होता. लेव्हेस्क आणि मॅसी यांनी 15 फेब्रुवारीला वर्णपट घेतला: 3600 अधिक-उणे 25. त्यांच्याच 2004 च्या वर्णपटावरून 3650 आलं होतं. एवढ्याशा गारव्यानं इतका अंधार होणार नाही, म्हणून धूळ, असा त्यांचा निष्कर्ष. हार्पर आणि सहकाऱ्यांनी तीन फिल्टर लावून त्याच टायटेनियम ऑक्साइडवरून त्याच फेब्रुवारीत 3520 च्या आसपास तापमान काढलं, म्हणजे काही महिन्यांत शंभराहून जास्त केल्विनची घट, आणि पेपरच्या शीर्षकातच सांगून टाकलं की नव्या धुळीची गरज नाही. त्यांचाही एरर बार 25 च्याच घरातला.

एकच तारा, एकच रेणू, एकच महिना, आणि दोन आकड्यांत 80 केल्विनचं अंतर. दोन्ही बाजूंचे 25 प्रामाणिक आहेत. ते फक्त एवढंच सांगतात की आमच्या डेटावर आमचं मॉडेल किती घट्ट बसतं. मॉडेल ताऱ्यावर किती बसतं, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. मला वाटायचं, निरपेक्ष तापमान चुकलं तरी एकाच पद्धतीनं काढलेला फरक तरी सुरक्षित असतो, दोन्हीकडची चूक वजा होते. इथे दोन्ही गटांनी फरकच काढला होता. पण एकाची तुलना 2004 शी, दुसऱ्याची 2019 च्या सप्टेंबरशी, आणि तारा मधल्या काळात काही स्वस्थ बसलेला नव्हता. शिवाय उद्रेकासारख्या गडबडीत पहिल्यांदा हलतो तो वरचाच थर, जिथे हा रेणू राहतो. पुढे 2021 मध्ये मोंतार्जेस आणि सहकाऱ्यांनी व्हीएलटीवरून ताऱ्याच्या पृष्ठभागाच्या प्रतिमा दिल्या, त्यात दक्षिणेचा भाग काळवंडलेला दिसला. त्यांचं स्पष्टीकरण दोघांनाही सामावून घेतं: पृष्ठभागाचा एक भाग थंड झाला, आणि आधी बाहेर फेकलेल्या वायूत त्यामुळे धूळ तयार झाली. तापमानाच्या दोन पेपरांपैकी एकालाही हे केवळ आपल्या आकड्यावरून सांगता आलं नसतं.

त्याच वर्षी डेव्हिस आणि प्लेझ यांनी मार्क्स मॉडेलच्या डोक्यावर ताऱ्याचा वारा जोडून पाहिला. तापमान न बदलता नुसता वारा वाढवला तरी टायटेनियम ऑक्साइडचे पट्टे खोल होतात. म्हणजे इतकी वर्षं आपण थर्मामीटर म्हणून जो वापरत होतो, तो काही अंशी वारा मोजत होता.

या सगळ्यातून मूलद्रव्यांच्या प्रमाणाचं काय? इथे चित्र थोडं बरं आहे. डेव्हिस, कुद्रित्स्की आणि फायगर यांनी 2010 मध्ये जे-बँडचा मार्ग सुचवला: सुमारे 1.2 मायक्रॉनजवळ रेणूंची गर्दी कमी असते, तिथल्या लोखंड, टायटेनियम, सिलिकॉन, मॅग्नेशियमच्या अणुरेषा वापरा. त्या तुलनेनं खोल थरांत बनतात, आणि तारे अवरक्तात इतके तेजस्वी असतात की शेजारच्या दीर्घिकांपर्यंत ही पद्धत पोचते. पण इथेही स्थानिक समतोल गृहीत धरल्यानं होणारी चूक दुरुस्त करावी लागते. बर्गेमान आणि सहकाऱ्यांनी ती काढली तेव्हा टायटेनियमची दुरुस्ती लोखंडापेक्षा बरीच मोठी निघाली, आणि ती तापमानानुसार बदलते. झालं, पुन्हा तापमान.

तर माझ्या टेबलाचं काय झालं ते सांगते. मी प्रत्येक ताऱ्यासाठी तापमान दोन वाटांनी काढलं, पट्ट्यांवरून आणि सलग भागावरून, आणि पुढचं सगळं गणित दोन्हींवर वेगवेगळं चालवलं. अधिक-उणेच्या रकान्यात आता दोन आकडे आहेत: एक फिटचा, दुसरा या दोन वाटांमधल्या अंतराचा. लोखंडाचं बरं आहे, दुसरा आकडा पहिल्याच्या दुपटीच्या आत राहतो. टायटेनियम मात्र तीन ताऱ्यांत इतकं हलतं की सूर्यापेक्षा जास्त की कमी हेसुद्धा सांगता येत नाही. जुन्या टेबलात याच तिन्ही ताऱ्यांपुढे मी ठामपणे 'जास्त' लिहिलं होतं आणि त्यावर चर्चेचा एक अख्खा परिच्छेद रचला होता. तो परिच्छेद काल काढला. तीन तारे टेबलात ठेवायचे की नाहीत, हे सोमवारी सरांशी बोलून ठरवायचंय.